कुत्र्याच्या खुब्याचे ऑपरेशन: स्टेम सेलचे इंजेक्शन किती कामाचे, घरची मेहनत किती

मांडवा-किहीमपासून खाली नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूडपर्यंत किनाऱ्याला लागून मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. त्या बंगल्यांची राखण, बागकाम, झाडलोट करणारी कितीतरी माणसे आपल्या वस्त्यांमधली आहेत. बंगल्याबरोबर बंगल्याचा कुत्राही त्यांच्याच अंगावर पडतो. मालक शनिवार-रविवार येतात; कुत्रा बारा महिने वॉचमनच्या घरच्या भाकरीवर वाढतो. लॅब्रेडॉर, अल्सेशियन, रॉटवायलर, सगळे मोठ्या हाडापेराचे. त्यातला एखादा वर्ष-दीड वर्षाचा झाला की मागून लचकू लागतो. मालकाचे मन उडते, "आता तूच ठेव याला" असे म्हणतात, आणि तो कुत्रा कायमचा आपल्या दारात येतो. पोरांना त्याचा लळा आधीच लागलेला असतो.

मग एक्स-रे होतो, खुब्याचे नाव निघते, ऑपरेशन ठरते. ते कसेबसे पार पडले की कोणीतरी सांगतो, "आता स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, म्हणजे पाय नव्यासारखा होईल." त्याला हजारो रुपये लागतात. बचत गटातून कर्ज काढावे का, असा प्रश्न घरात उभा राहतो. म्हणून हा लेख. काही वाचक म्हणतील, इथे माणसांच्या दवाखान्याचे वांधे आहेत आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण पैसे जातात ते माणसाच्याच खिशातून, आणि ते कुठे खर्च करावेत आणि कुठे करू नयेत हे कळणे आरोग्याच्या पानाचेच काम आहे असे आम्ही मानतो.

आधी आजार समजून घेऊ. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोळ्यासारखे असते आणि तो गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. हाच खुब्याचा सांधा. उखळात मुसळ सैल बसले तर ते जसे कडा झिजवत फिरते, तसे या आजारात होते. पिल्लू जन्मते तेव्हा खुबा ठीक असतो. वाढीच्या महिन्यांत सांधा सैल पडतो, गोळा वाटीत घट्ट बसत नाही, वाटी उथळ राहते. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, सांध्याला सूज येते आणि पुढे कायमचा संधिवात जडतो. बोस्टनच्या श्नेल या पशुवैद्याने १९३५ मध्ये कुत्र्यांतील या आजाराचे पहिले वर्णन केले. तो आनुवंशिक आहे. पण आई-बापाकडून आलेल्या दोषाला खतपाणी घालते ते अति खाणे आणि भराभर वाढलेले वजन.

लक्षणे घरात ओळखता येतात. उठताना कुत्रा पुढच्या पायांवर जोर देतो. पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारतो. पायरी चढायला कंटाळतो, बसताना एका कुशीवर कलतो. छाती भरत जाते आणि मांड्या मात्र वाळतात. आपल्या गावठी कुत्र्यांत हा आजार सहसा दिसत नाही. त्यांचा खुबा मोडतो तो गाडीखाली. पेण-अलिबाग रस्त्यावर किंवा मुंबई-गोवा महामार्गावर धडक बसून गोळा वाटीतून निसटतो किंवा त्याची मान तुटते. कारण वेगळे असले तरी अनेकदा ऑपरेशन तेच करावे लागते, म्हणून पुढचे सांगणे गावठी कुत्रा पाळणाऱ्यांनाही लागू आहे.

खुबा सैल असलेल्या प्रत्येक कुत्र्याला चिरावे लागत नाही, हेही सांगून ठेवतो. वजन आटोक्यात ठेवून, रोज बेताचे चालवून आणि दुखेल तेव्हा डॉक्टरांचे औषध देऊन अनेक कुत्री पुरे आयुष्य काढतात.

ऑपरेशन लागलेच तर ते कोणते झाले हे नीट विचारून घ्या आणि कागदावर लिहून मागा, कारण पुढची सगळी देखभाल त्यावर ठरते. वाढत्या वयात, साधारण पाच ते दहा महिन्यांच्या दरम्यान, कमरेचे हाड कापून वाटी गोळ्यावर नीट झाकेल अशी फिरवतात आणि पट्टी-स्क्रूने बसवतात. यात मूळ सांधा तसाच राहतो. दुसरा प्रकार खुबा बदलण्याचा. माणसांप्रमाणेच धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवतात. खर्च लाखांच्या घरात जातो आणि असे सर्जनही मोजकेच आहेत. तिसरा प्रकार सर्वात साधा आणि आपल्याकडे जास्त होणारा. यात गोळा आणि त्याची मान कापून काढून टाकतात. सांधाच राहत नाही. मग पाय कशावर चालतो? मांडीचे आणि ढुंगणाचे स्नायू हाडाला धरून ठेवतात, मध्ये घट्ट तंतूंची गादी तयार होते आणि तिच्यावर पाय हलतो. पाय किंचित आखूड होतो. हलक्या कुत्र्याला हे फार छान मानवते. जड कुत्र्यालाही जमते, पण मेहनत जास्त लागते.

आता स्टेम सेल आणि पीआरपी. पीआरपीमध्ये कुत्र्याचेच रक्त काढून ते यंत्रात गरगर फिरवतात. त्यातला प्लेटलेटने भरलेला पिवळसर भाग वेगळा करून सांध्यात टोचतात. प्लेटलेटचे काम फक्त रक्त थांबवणे एवढेच नाही. जखम भरण्याचे निरोप देणारी द्रव्येही त्या सोडतात. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. कुत्र्याच्या चरबीतून किंवा हाडाच्या मगजातून त्या काढतात, बहुधा प्रयोगशाळेत वाढवतात आणि सांध्यात सोडतात. पूर्वी असे वाटे की या पेशी तिथे जाऊन नवी कूर्चा बनवतील. आता बहुतेक संशोधकांचे मत असे की त्या फार काळ तिथे राहत नाहीत; त्या सोडत असलेल्या द्रव्यांमुळे सूज उतरते आणि दुखणे कमी होते. म्हणजे नवा सांधा उगवत नाही. जाहिरातीत मात्र तसेच भासवतात.

पुरावा काय? अमेरिकेत २००७ मध्ये खुब्याचा संधिवात असलेल्या २१ कुत्र्यांवर प्रयोग झाला. कोणाला मूळ पेशी दिल्या आणि कोणाला नुसते पाणी, हे तपासणाऱ्यालाही माहीत नव्हते. मूळ पेशी मिळालेल्या कुत्र्यांचे लंगडणे जास्त कमी झाले. स्पेनमध्ये २०१४ साली ३९ कुत्र्यांत मूळ पेशी आणि पीआरपीच्या जातीचे इंजेक्शन यांची तुलना झाली. दोन्हींनी आराम पडला आणि सहा महिन्यांनी मूळ पेशींची बाजू वरचढ दिसली. त्याच वर्षी स्पेनमधल्याच दुसऱ्या अभ्यासात कुत्र्यांना वजन मोजणाऱ्या फळीवरून चालवले, म्हणजे कोणाच्या नजरेवर भरवसा ठेवावा लागला नाही. तिथे फायदा दिसला, पण त्याचा जोर तीन महिन्यांच्या आतच ओसरू लागला. तेव्हा हे उपचार थोतांड नाहीत. मोजक्या कुत्र्यांवर झालेले, काही महिने आराम देणारे, महाग उपचार आहेत.

नजरेवर भरवसा का ठेवायचा नाही, तेही सांगतो. अमेरिकेतच २०१२ मध्ये संधिवाताच्या कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना प्रत्यक्षात औषध दिलेच नव्हते अशा कुत्र्यांविषयीही मालकांनी निम्म्याहून अधिक वेळा "फरक आहे" असे सांगितले होते. माया असली की डोळे तसेच बघतात. पैसे मोजले असले तर आणखीच.

पण खरी गोम पुढे आहे. वर सांगितलेले तिन्ही अभ्यास झिजलेल्या पण जागेवर असलेल्या सांध्यावरचे आहेत, ऑपरेशन झालेल्या खुब्यावरचे नाहीत. तुमच्या कुत्र्याचा गोळा कापून काढला असेल तर त्या बाजूला सांधाही नाही आणि कूर्चाही नाही. तिथे "कूर्चा भरून येईल" म्हणून कोणी इंजेक्शन सुचवत असेल, तर काय भरून येणार हे त्याला शांतपणे विचारा. धातूचा खुबा बसवला असेल तरी तेच. धातूला कूर्चा येत नाही. या उपचारांना जागा आहे ती दुसरीकडे. हा आजार बहुधा दोन्ही खुब्यांत असतो. एकाचे ऑपरेशन झाले आणि दुसरा झिजतो आहे पण अजून टिकून आहे, तर त्या दुसऱ्या खुब्यासाठी हा विचार होऊ शकतो. वाटी फिरवण्याचे ऑपरेशन झालेल्या कुत्र्यात मूळ सांधा शाबूत असतो, तिथेही होऊ शकतो. एवढा फरक लक्षात घेतला तरी बऱ्याच घरांचे पैसे वाचतील.

माणसांच्या बाबतीत आपल्या देशाची आरोग्य संशोधन परिषद फार स्पष्ट आहे. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार आणि तत्सम मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर प्रयोगातच देता येते आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. माणसाच्या गुडघ्यासाठी जिथे एवढी सावधगिरी आहे, तिथे कुत्र्याच्या खुब्यासाठी डोळे झाकून सही करू नये. पेशी कोणाच्या, कुठे वाढवल्या, त्यांची जंतूंसाठी तपासणी झाली का, किती इंजेक्शने लागणार, फरक मोजणार कसा, हे विचारा. मोकळेपणाने उत्तर देणारा डॉक्टर रागावत नाही.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे, गोचीड. दमट हवेमुळे ती बारमाही असते आणि तिच्यातून गोचीडताप येतो. त्यात कुत्र्याच्या रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. बाहेरून कुत्रा फक्त जरा मलूल दिसतो. अशा कुत्र्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेतले तर रक्त थांबत नाही, आणि अशा रक्तातून पीआरपी काढले तर त्यात प्लेटलेटच कमी. म्हणून दोन्हींच्या आधी रक्ततपासणी झालीच पाहिजे. तिला तुलनेने थोडे पैसे लागतात. ते वाचवू नका.

ऑपरेशननंतर पाय पुन्हा चालता होतो तो मुख्यतः घरच्या मेहनतीवर. आणि इथेच सर्वात मोठा गैरसमज आहे. हाड कापून पट्टी बसवली असेल किंवा खुबा बदलला असेल, तर सहा-आठ आठवडे कडक विश्रांती: लहान जागेत बांधून ठेवणे, फक्त लघवी-शौचाला पट्ट्याने धरून नेणे, उड्या-जिने बंद. पण गोळा काढून टाकला असेल तर याच्या अगदी उलट. तिथे विश्रांती घातक ठरते. पाय हलला नाही तर ती तंतूंची गादी आखडते आणि पाय कायमचा ताठर होतो. "बिचारा दुखतोय, पडून राहू दे" ही माया त्याला आयुष्यभर लंगडा ठेवते.

गोळा काढलेल्या कुत्र्यासाठी साधारण क्रम असा. पहिले दोन-तीन दिवस बर्फाचा शेक, दहा मिनिटे, दिवसातून तीन वेळा. मासळीचा बर्फ चालेल, पण तो घाण असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर फडके गुंडाळा, पाणी टाक्यांवर जाता कामा नये. त्यानंतर व्यायामाआधी कोमट शेक. डॉक्टरांनी परवानगी दिली की कुत्र्याला निरोगी कुशीवर निजवून वरचा पाय गुडघ्यापाशी धरायचा आणि सायकलचे पायडल फिरते तसा हळूहळू पुढे-मागे न्यायचा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. वेदनाशामक औषध दिल्यावर तासाभराने हे करा. तो गुरगुरला किंवा मान वळवली, तर तिथेच थांबा.

पट्ट्याने चालवणे पहिल्या काही दिवसांतच सुरू होते. पाच मिनिटे, पण दिवसातून चार वेळा. अगदी हळू चाला. हळू चालताना चारही पाय टेकावे लागतात. भरभर चालवले की कुत्रा दुखरा पाय उचलतो आणि तीन पायांवर उड्या मारत पुढे जातो. मग व्यायाम झाला असे फक्त आपल्याला वाटते. कमरेला आधार हवा असेल तर जुन्या लुगड्याची रुंद पट्टी पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घ्या आणि वर धरा. घरात लादी असेल तर गोणपाट किंवा काथ्याची चटई अंथरा. गुळगुळीत लादीवर पाय फाकला तर केलेले सगळे वाया जाते. शेणाने सारवलेली जमीन या कामी लादीपेक्षा कितीतरी बरी.

साधारण दोन आठवड्यांत तो बोटे टेकू लागतो, सहा आठवड्यांपर्यंत पाय बऱ्यापैकी वापरतो, पूर्ण ताकद यायला काही महिने जातात. सहा आठवड्यांनंतरही पाय हवेतच असेल तर डॉक्टरांकडे परत न्या, वाट बघत बसू नका. मोजमापासाठी शिंप्याची टेप घ्या. दोन्ही मांड्यांचा घेर दर पंधरा दिवसांनी एकाच जागी मोजा आणि वहीत लिहा. पोरांना हे काम आवडते. नजर फसवते, टेप फसवत नाही.

टाके निघून जखम पूर्ण सुकली की आपल्याकडे एक गोष्ट फुकट आहे. शहरात कुत्र्याला पाण्यातले व्यायाम द्यायला पैसे मोजतात; आपल्याला समुद्र आहे. पाण्यात वजन पायांवर येत नाही आणि स्नायू मात्र काम करतात. ओहोटीच्या वेळी वरसोली, नागाव, आक्षीच्या सपाट किनाऱ्यावर छातीइतक्या पाण्यात त्याला चालवा. कमरेच्या पट्टीचे टोक हातात हवेच. काशीदसारख्या लाटांच्या जागी हे करू नका, पावसाळ्यात तर कुठेच नको. वाळूत चालवायचे ते पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूत. वरच्या सुक्या वाळूत पाय रुततो आणि खुब्यावर ताण येतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा.

आणि वजन. लॅब्रेडॉरच्या ४८ पिल्लांवर अमेरिकेत आयुष्यभर चाललेला एक अभ्यास आहे. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे दिले. कमी खाणारी कुत्री सरासरी १३ वर्षे जगली, दुसरी ११ वर्षांच्या आसपास. कमी खाणाऱ्यांच्या खुब्यांत संधिवातही कमी आणि उशिरा आला. कुठल्याही इंजेक्शनने एवढे करून दाखवल्याचे आमच्या वाचनात नाही. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत आणि वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे. दुकानाच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग कुत्रा उचलून उभे राहा, वजाबाकी करा. भात कमी, अंडे किंवा उकडलेली, काटे काढलेली ताजी मासळी थोडी जास्त. खारवलेली सुकी मासळी, कांदा घातलेले कालवण आणि शिजवलेली हाडे देऊ नका.

औषधाचे एक पथ्य कडक पाळा. आपल्या घरात कंबरदुखीच्या गोळ्या असतात, कॉम्बिफ्लाम, वोव्हेरान वगैरे. त्यातली अर्धी गोळीही कुत्र्याला देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होते. डायक्लोफेनॅकची ओळख रायगडला वेगळ्या कारणाने आहे. औषध दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन देशभरातली गिधाडे संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले. म्हसळ्याच्या चिरगावात लोकांनी गिधाडे जपली ती त्या पडझडीनंतर. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली. कुत्र्याला मेलॉक्सिकॅम देतात, पण वजनावरून मात्रा ठरवून आणि डॉक्टरांच्याच हाताने. सोबत स्टेरॉइड कधीही नाही.

दुखणारा कुत्रा आपल्या माणसालाही चावतो. व्यायाम मोठ्यांनीच द्यावा आणि त्याची रेबीजची लस चालू ठेवावी. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे लस मोफत मिळते. साधारणपणे पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, असे डोस पुरे करा. "घरचाच कुत्रा आहे" म्हणून टाळू नका. हळद, चुना, मिरची जखमेवर लावू नका.

कुठे न्यायचे? पहिली पायरी तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. हाडाच्या ऑपरेशनसाठी मात्र बहुधा मुंबई गाठावी लागते. परळला १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. महालक्ष्मीला जुलै २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. रतन टाटांनी स्वतःच सांगितले होते की त्यांच्या एका कुत्र्याला सांधा बदलायला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. पण उशीर झाला होता आणि डॉक्टरांना तो सांधा एकाच स्थितीत पक्का करून टाकावा लागला. ज्यांना पैशाची अडचण नव्हती त्यांनाही उशीर भोवला. पिल्लू पाच-सहा महिन्यांचे असताना लचकले तर तेव्हाच एक्स-रे काढा. वाटी फिरवण्याची वेळ फार थोडे महिने हातात असते.

जाण्याआधी फोनवर दिवस, वेळ, केसपेपर आणि अंदाजे खर्च विचारा. अलिबागच्या बाजूने मांडव्याहून भाऊच्या धक्क्याची रो-रो सोयीची, कारण गाडीसकट जाता येते. कुत्र्याविषयीचा नियम तिकीट काढताना विचारून घ्या. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात. परतीच्या प्रवासात ऑपरेशन झालेली बाजू वर ठेवून, जाड गोधडीवर निजवून आणा. आणि कुत्रा बंगल्याच्या मालकाचा असेल, तर ऑपरेशनच्या कागदावर मालकाची सही आणि खर्च कोण देणार हे आधी लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर स्वतःच्या नावाने पैसे भरू नका.